जागल्याची झोप

१

रात्री सगळं गाव बादल्या घेऊन धावलं होतं, तरी सकाळी गुणाबाईच्या पुंजण्याच्या जागी गुडघाभर राखच उरली. कापलेल्या धानाचे भारे एकावर एक रचून केलेलं ते पुंजणं म्हणजे तिचं वर्षभराचं खाणं. मळणीला दोन दिवस होते. आता मळायला काही नव्हतं.

ठाणेदार मुलचेऱ्याहून दुपारनंतर येणार होते. तोवर गावच्या पोलीस पाटील वच्छलाबाई खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, जीभ विळ्यासारखी आणि कान सशासारखे, असं त्यांची सूनच सांगायची, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

राखेपासून दहा-बारा हातांवर वारलूचा माळा होता. सागाचे चार खांब, वर फळ्या. गावच्या खळ्यांची जागल वारलूकडे होती. रात्रभर माळ्यावर बसायचं, डुकरं आली की हाकलायची. त्याचे केस पांढरे झाले ते या माळ्यावरच.

"बिडी पडली असल, दुसरं काय?" देवानंद मोठ्यानं म्हणत होता. हा गुणाबाईचा दीर. नवरा गेल्यापासून तिच्या शेतीत लक्ष घालायचा; जरा जास्तच घालायचा असं बायका म्हणत. "बुढा बिडी ओढता ओढता झोपला. बिडी खाली पडली. अन् आता म्हणते, मी जागा होतो!"

"मी जागाच होतो जी," वारलू म्हणाला. "कोणीच आलं नाई. बिडी बी ओढली नाई."

"मंग आग काय आभाळातून पडली?"

लोक कुजबुजले. वच्छलाबाई काठीनं राख उकरत होत्या. कडेचे खालचे भारे नुसते होरपळले होते. मधोमध मात्र खोल खड्डा पडला होता आणि तिथली राख पांढरीफेक झाली होती. काठीला काहीतरी टणक लागलं. भाजलेल्या मातीचा काळा तुकडा निघाला, त्याला तारेचे वेढे होते. चुलीचा की मडक्याचा, काही कळेना. त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला.

तेवढ्यात देवानंदनं दिव्यानीला पुढं बोलावलं. चंद्रपूरची ही मुलगी महिनाभर गावात मुक्कामाला होती. जागल करणाऱ्या माणसांना झोप किती मिळते, याचा अभ्यास एक संस्था करत होती. त्यासाठी तिनं गावातल्या काहीजणांच्या, तुलनेसाठी जागल न करणाऱ्यांच्याही, मनगटांवर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. वारलूच्या हातावर होता, देवानंदच्याही होता.

"म्याडम, याचा पट्टा काय म्हणते तेवढं सांगा."

दिव्यानीनं फोन काढला. पाहिलं, परत पाहिलं. वारलूकडं बघायचं टाळून ती म्हणाली, "काका झोपलेले होते. अंधार पडला त्यानंतर थोड्याच वेळात झोपले, ते आग लागेपर्यंत."

वारलूनं स्वतःच्या मनगटाकडं असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे.

२

यंत्र खोटं बोलत नाही, असं एकदा गावानं ठरवलं की माणूस आपोआप खोटा पडतो. ठाणेदारांची गाडी यायच्या आत वारलूचा निकाल लागल्यासारखाच होता. वच्छलाबाईंना मात्र घाईचा निकाल आणि घाईचं वरण दोन्ही कच्चं लागे. त्या एकेकाला भेटायला निघाल्या.

पहिला हेमराज. गुणाबाईच्या शेजारच्या बांधीचा मालक. धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, दोघांची भांडणं अख्ख्या गावाला तोंडपाठ होती.

"भांडलो, नाई म्हणत नाई," तो म्हणाला. "पन धान जाळणारा मी नोहो, बाई. अन्नाले कोणी आग लावते काय?"

"रात्री काई ऐकलं?"

"तेच तर! काई ऐकलं नाई. वारलूभाऊ रात्री घडीघडी हाक देते, 'हो रे हो' म्हणून. काल एक बी हाक नाई. म्हणून म्हणतो, झोपला बुढा."

दुसरा देवानंद. त्यानं बसायला खाट टाकली, चहा सांगितला आणि विचारायच्या आधीच मनगट पुढं केलं.

"माह्या झोपेचा पुरावा हाय, बाई. फोनात पाहा. आग लागली तेव्हा मी घोरून राह्यलो होतो. लोकायनं उठवलं तेव्हा उठलो."

"मी कुठी म्हटलं, तुमी लावली म्हणून?"

"नाई, सांगून ठेवलेलं बरं."

"पुंजणं काल तुमीच रचलं ना?"

"मीच. दादा गेले तेव्हापासून मीच रचतो. पोटात धूर देला, धुपाटणं काढलं, वरचे भारे चढवले, घरी आलो."

ही गावाची जुनी रीत. पुंजणं अर्धं रचलं की मध्ये पोकळी ठेवायची, तिच्यात धुपाटण्यातल्या गोवरीच्या विस्तवावर राळ टाकून धूर द्यायचा. कीड लागू नये आणि लक्ष्मी नांदावी म्हणून. मग धुपाटणं बाहेर काढून धानाच्या बांधीतल्या पाण्यात विझवायचं आणि वर भारे चढवून पोट बंद करायचं. हे काम घरच्या पुरुषाचं.

तिसरा वारलू. तो आपल्या दारात उकिडवा बसला होता. वच्छलाबाई जमिनीवरच टेकल्या.

"वारलूभाऊ, हाक काऊन नाई देली?"

तो नखानं माती उकरत राहिला.

"झोप लागली असल तर सांगून टाका. म्हातारं शरीर हाय. मी ठाणेदाराले समजावून सांगन."

"झोप लागली नाई," तो म्हणाला. "ज्या दिवशी लागल त्या दिवशी मी स्वतः माळ्यावरून उतरन. पन याच्यापुढं मले विचारू नको, बाई."

त्याच्या बंडीच्या खिशातून बिडीचा कट्टा डोकावत होता. वच्छलाबाईंनी हात पुढं करून तो मागितला. नवा कोरा. वरचा दोरासुद्धा तुटलेला नव्हता.

"हा कधीचा?"

"काल सांजच्याला गुणाबाईनं देला. जुना सरला होता."

म्हणजे बिडी ओढत बसणाऱ्या या माणसानं रात्रभर एक बिडी पेटवली नव्हती, एक हाक दिली नव्हती. झोपला असेल तर सगळं जुळत होतं. पण झोपला असेल तर बिडी पडली कुठून? देवानंदच्या गोष्टीचं एक चाक त्याच गोष्टीच्या दुसऱ्या चाकात अडकत होतं.

घरी येऊन बघतात तर सून रिंकू विळा घेऊन ओसरीत बसलेली. ती नाल्याकडच्या शेतात कापणीला गेली होती.

"लवकर आलीस?"

"वारलूमामानं पाठवलं. सकाळीच बांधावर येऊन उभे होते. म्हणे, नाल्याकडं आग्यामोहोळ उठलं, तिकडं कोणीच जाऊ नका. सगळ्याच बायांना परत पाठवलं."

ज्याच्या गळ्यात फास पडू बघतोय तो माणूस सकाळीच उठून मधमाश्यांची काळजी करत बसला होता! शिवाय वच्छलाबाईंना नाल्याकाठचं एकूण एक झाड ठाऊक होतं. तिथलं मोहोळ दिवाळीआधीच काढून नेलं होतं.

३

दिव्यानी शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. तिचा चेहरा उतरलेला होता. वच्छलाबाई तिच्याशेजारी बसल्या आणि सरळ विचारलं, "पोरी, तुह्या पट्ट्याले झोप दिसते कशी?"

"दिसत नाही, बाई," ती म्हणाली. "झोप नीट पाहायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. पट्टा फक्त हात हलतो का आणि नाडी कशी चालते एवढंच बघतो. त्यावरून अंदाज करतो."

"अंदाज चुकते काय?"

"झोपलेला माणूस तो बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. पण जागा असून निपचित पडलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो." ती थांबली. "मी हे सकाळी सांगायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फोनवरचा वरचा आकडा वाचला."

"मंग आता खालचं वाच."

दिव्यानीनं वारलूच्या रात्रीचा आलेख उघडला. रंगीत पट्ट्यांनी भरलेली रात्र. वच्छलाबाईंना त्यातलं काही उमगलं नाही, पण एक जांभळा पट्टा रस्त्यासारखा लांबच लांब पसरलेला त्यांना दिसला.

"हे काय होय?"

"स्वप्नाची झोप. स्वप्नं पडतात तेव्हाची."

"एवढी? कोणतं स्वप्न पाहत होता बुढा?"

दिव्यानी हसायला गेली आणि मध्येच थांबली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "असं होत नाही," ती हळू म्हणाली. "रात्रीच्या सुरुवातीला स्वप्नाची झोप अगदी थोडी असते, तीही तुकड्यातुकड्यांनी येते. इतकी सलग मी कोणाचीच पाहिली नाही."

"मंग पट्ट्यानं काऊन लिहली?"

"हात अजिबात हलत नव्हता. आणि नाडी पळत होती. स्वप्नात तसंच होतं, शरीर गळून पडतं आणि काळीज धावतं. म्हणून पट्ट्याला स्वप्न वाटलं असणार."

वच्छलाबाईंनी मनाशी एकेक जोडून पाहिलं. हात हलत नाही आणि काळीज धावतंय. बिडी पेटत नाही, हाक फुटत नाही. नाल्याकडं कोणी जायचं नाही.

"आणखी एक सांग. देवानंदचा पट्टा?"

"त्यांनी महिनाभर तो खुंटीलाच टांगला होता. मी कितीदा रागावले. काल पहिल्यांदा रात्रभर घातला, मला बरं वाटलं. त्यांची झोप मात्र चारचौघांसारखीच दिसते, नाडी एकदम शांत."

"ते खरोखरच झोपले असन," वच्छलाबाई उठत म्हणाल्या. "मले त्याच्यावर शंकाच नाई."

बीटाचा वनरक्षक प्रवीण नाक्यावर उभा होता. त्यांनी त्याला हाक मारली. "चाला, नाल्यावर. काठी घ्या, अन् बोलू नका."

४

नाल्याच्या ओल्या रेतीत पंजे उमटले होते. मोठे, गोल, ताजे. त्यांच्या बाजूनं लहान पंजांच्या दोन ओळी.

प्रवीणनं टोपी काढून घाम पुसला. "वाघीण हाय. पिल्लं सोबत हायेत. बाई, मागं फिरा, पाठ दाखवू नका."

गावाच्या वेशीवर आल्यावर वच्छलाबाईंच्या ध्यानात आलं: रिंकू सकाळी त्या नाल्यापासून हाकेच्या अंतरावर वाकून धान कापणार होती. त्या तशाच वारलूच्या दारात गेल्या आणि आधी त्याच्यावर ओरडल्या.

"माही सून तिथी वाघिणीच्या तोंडात गेली असती! अन् तू मोहोळ सांगतोस?"

वारलूनं मान खाली घातली. "म्हणून तर बांधावर उभा राह्यलो, बाई. एकीले बी जाऊ देलं नाई."

मग तो हळूहळू बोलला. अंधार पडत होता तेव्हाच ती आली. माळ्याच्या खांबाला पाठ टेकून बसली. पिल्लं धानाच्या तणसात लोळत होती. एक तर खांबावर नखं घासत होतं आणि माळा हलत होता. "माह्यं उभं आयुष्य जंगलात गेलं, पन एवढ्या जवळ कधी पाह्यली नाई. श्वास सोडाची बी भीती वाटत होती. बिडी कुठची पेटवतो, अन् हाक कुठची देतो? मंग पुंजण्यातून धूर निघाला. तिनं नाक वर केलं, उठली अन् पिल्लायले घेऊन गेली. तेव्हा मी बोंबललो."

"धूर कुठून निघाला? वरून की बाजूनं?"

"पोटातून. बाहीर आग दिसाच्या आधी आतून धूर येऊन राह्यला होता."

राखेखाली दडपलेला गोवरीचा विस्तव किती तास जिवंत राहतो, हे चुलीपुढं जन्म काढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

"हे सकाळी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर जंगलवाले आज शिवार बंद करते. वाघीण हटेपर्यंत कोणी शेतात जायाचं नाई. परसाल पलीकडच्या गावात तेच झालं. त्यायचा धान उभ्या उभ्या डुकरायनं खाल्ला." त्यानं हात जोडले. "लोकायचं अर्धं पीक अजून शेतात हाय, बाई. माह्यं काय, मी झोपला म्हणन लोक. म्हणू दे. तू वाघाचं बोलू नको."

पण त्याचा आवाज 'झोपला' या शब्दावर अडखळला होता, आणि ते वच्छलाबाईंनी ऐकलं होतं.

"वचन देत नाई," त्या म्हणाल्या.

बाहेर ठाणेदारांची गाडी आल्याचा आवाज झाला.

५

चिंचेखाली गाव जमलं. ठाणेदार खुर्चीत बसले होते. वारलू एका बाजूला उभा होता, कोणी त्याच्याजवळ थांबत नव्हतं. देवानंदनं सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. झोप, बिडी, पट्टा. ऐकायला एकदम नेटकं होतं.

वच्छलाबाई उठल्या. पदराची गाठ सोडून मातीचा तुकडा त्यांनी गुणाबाईच्या हातात ठेवला.

"ओळख पाहू, काय होय?"

गुणाबाईनं तो उलटसुलट केला. "माह्या धुपाटण्याची मूठ होय. तुटली होती, मीच तार बांधली होती."

"ही राखेत मधोमध सापडली. देवानंदभाऊ, तुमी तर म्हणाले, धुपाटणं काढलं अन् पाण्यात विझवलं."

देवानंदचा चेहरा जरा पडला, पण लगेच सावरला. "घाईत आत राह्यलं असल. माणूस विसरते. विस्तव तर विझलाच होता. आग बिडीनंच लागली."

"बिडी कोणी ओढली नाई. कालचा कट्टा अजून बांधलेला हाय." त्यांनी तो ठाणेदारांपुढं ठेवला.

"मंग हेमराजनं लावली असल! बुढा झोपला होता, कोणी बी आलं असल."

हेमराज ताडकन उठला. वच्छलाबाईंनी हात वर करून त्याला बसवलं. मग त्या वारलूकडं वळल्या. तो मान हलवून नको नको म्हणत होता. त्याच्या मागं गावातल्या बायका उभ्या होत्या, हातात अजून विळे, पदराला तणस चिकटलेलं. अर्धा धान शेतात होता. वच्छलाबाईंच्या स्वतःच्या घरचाही. एका माणसाचं नाव वाचवायला गावाचा घास अडकवायचा, हा न्याय म्हणायचा की काय, त्यांना ठरवता येईना. मग नाल्यापासून हाकेवर वाकलेली रिंकू डोळ्यांसमोर आली, आणि ठरलं.

"कोणी बी येऊ शकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "वारलूभाऊच्या माळ्याखाली अंधार पडल्यापासून आग लागेपर्यंत वाघीण बसली होती. पिल्लायसोबत."

प्रवीणनं उभं राहून रेतीतल्या पंजांचं सांगितलं. दिव्यानीही उठली, पट्टा जाग्या माणसाला झोपलेला कसा समजला आणि ते स्वप्न का नव्हतं, ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सकाळी अर्धवट बोलल्याबद्दल वारलूची माफी मागितली.

"आता पाहा," वच्छलाबाई देवानंदला म्हणाल्या. "बिडी नाई. बाहेरचा माणूस नाई. धूर पोटातून निघाला. पोटात विस्तव तुमीच ठेवला, अन् वर भारे तुमीच चढवले."

"म्हटलं ना, विसरलो! चूक झाली!"

"चूक बी मानली असती. पन महिनाभर खुंटीला टांगलेला पट्टा त्याच रात्री हातावर कसा आला? धुपाटणं काढाले विसरणारा माणूस झोपेचा पुरावा बांधाले बरा नाई विसरला. अन् खरंच विसरले असते, तर आग पाहून पहिले तेच आठवलं असतं. तुमाले वारलूची बिडी आठवली."

देवानंदचा पट्टा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. आग लागली तेव्हा तो गाढ झोपला होता, कारण त्याचं काम संध्याकाळीच उरकलं होतं.

"भाऊजी म्हणत होते," गुणाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "एकट्या बाईनं कशाले राबावं, भावाकडं सिरोंच्याले जा. शेती मी पाहतो. मी म्हटलं, एवढं पीक निघू द्या, मंग कोण जाते ते पाहू." तिनं दिराकडं पाहिलं. "म्हणून निघू नाई देलं काय?"

देवानंद म्हणाला, "तुले पोटाले घातलंच असतं मी." त्याच्याकडून एवढंच निघालं, आणि ठाणेदारांना तेवढं पुरलं.

देवानंदला घेऊन गाडी गेली. पण कोणाच्या तोंडावर आनंद नव्हता. प्रवीणनं जड आवाजात सांगितलं, की वाघीण पिल्लांसह पुढं सरकेपर्यंत नाल्याकडचं शिवार बंद. कोणी शेतात जायचं नाही. लोक कपाळाला हात लावून बसले.

"बाई," हेमराज म्हणाला, "एक माणूस सोडवला तुमी. अन् गाव अडकवलं."

"हो," वच्छलाबाई म्हणाल्या.

लोक वारलूकडं बघत होते. ज्यानं तोंड मिटून त्यांचं पीक सांभाळलं, त्याच्याजवळ जायचं कसं, हे कोणालाच कळत नव्हतं. सकाळी शिव्या घातलेली तोंडं होती ती. गुणाबाई उठली. सगळ्यांत जास्त तिचंच गेलं होतं, म्हणून असेल, तिला लाजायचं कारण नव्हतं.

"माहा धान तर जळला," ती सगळ्यांना म्हणाली. "तुमचा उभा हाय. जिवंत राहाल तर कापाल. याच्या भरोशावर आज तुमच्या बाया घरी आल्या." मग ती वारलूपुढं जाऊन उभी राहिली. "भाऊ, तू जागा होता. मले माहीत हाय. चाल, घरी चाल, दोन घास खाऊन घे."

दिवसभर सगळं ऐकून डोळ्यांत टिपूस न आणलेला तो म्हातारा तिथंच चिंचेखाली खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. हेमराज जाऊन त्याच्याजवळ बसला, मग आणखी एकजण, मग बाया. गुणाबाई तेवढी निघून गेली. तिला शेजारून तांदूळ मागून आणायचे होते.